चुनखडीच्या जमिनीत अबोली: दोन वर्षांच्या नोंदी

जागा: लोणी काळभोर, पुण्याच्या पूर्वेला. जमीन काळी, खाली चुनखडी. पाणी बोअरचं आणि जड. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. वाफा घराच्या पूर्वेकडच्या भिंतीलगत, बारा फूट लांब आणि चार फूट रुंद. सकाळी साडेसात ते साडेबारा थेट ऊन, नंतर भिंतीची सावली. या जागी आधी चार वर्षं टोमॅटो, वांगी आणि भेंडी होती. ही शेवटची ओळ तेव्हा मला महत्त्वाची वाटली नव्हती.

१० जून २०२३

आई कुडाळजवळचं घर बंद करून आता कायमची माझ्याकडे राहायला आली आहे. तिकडे विहिरीच्या कडेला, पायरीच्या फटीत, तुळशीच्या मागे अबोली आपसूक उगवायची. मुद्दाम लावलेली मी कधी पाहिली नाही. इकडे फूलबाजारात अबोली येते, पण मोगऱ्याच्या गजऱ्यात मधेमधे ठिपक्यांसारखी ओवलेली. आईला अख्खा अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा हवा, केळीच्या सोपटाच्या धाग्यात गुंफलेला.

तिच्या अंदाजाने वीतभर वळेसराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. एका झाडाची एक दिवसाआड सहा फुलं धरली तर २४ झाडं हवीत. दीड फुटावर एक या हिशेबाने तीन ओळी, प्रत्येकीत आठ. वाफ्यात नेमकी बसतात.

सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून ‘दिल्ली अबोली’ची २४ रोपं आणली, ३५ रुपयांना एक. गड्याकडून वाफा फूटभर खणून घेतला आणि चार गोण्या शेणखत मिसळलं. संध्याकाळी लागवड.

खर्च: रोपं ८४०, शेणखत २८०, मजुरी ७००.

२ जुलै २०२३

तीन रोपं गेली. चार दिवस सलग पाऊस होता. वाफा आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीवरच ठेवला होता आणि खणून भुसभुशीत केलेल्या भागाभोवती न खणलेली घट्ट काळी माती तशीच होती. त्यामुळे वाफ्याचा हौद झाला. एका खड्ड्यात हात घातला तर मनगटापर्यंत पाणी.

आई दारातून बघत होती. म्हणाली, “पाणी घाल, पण तिचे पाय भिजत ठेवू नको गो.” मी कडेने एक चर काढून पाणी बाहेर काढलं आणि काम झालं असं समजले. वाफा तेव्हाच उचलून घ्यायला हवा होता. ते काम मी अकरा महिन्यांनी केलं.

२३ जुलै २०२३

पानं पिवळी पडत आहेत. नत्र कमी पडलं असेल असं वाटून १९:१९:१९ हे विद्राव्य खत दिलं, लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा, दोन वेळा. फरक शून्य. खताचे १६० रुपये गेले ते गेलेच, वर तीन आठवडे गेले.

६ ऑगस्ट २०२३

आज पानं नीट पाहिली. पिवळी पडताहेत ती शेंड्याची नवी पानं. खालची जुनी हिरवीच आहेत. नव्या पानांतही शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. नत्र कमी असेल तर आधी जुनी पानं पिवळी पडतात. हे लोहाचं लक्षण आहे.

वाफ्यातली वाळलेली माती बशीत घेऊन लिंबू पिळलं. फसफसून फेस आला, म्हणजे चुना भरपूर. अशा मातीत लोह असतं, पण झाडाला ते घेता येत नाही. त्यात बोअरचं पाणी रोज थोडा थोडा चुना टाकतंच आहे. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीची सवय असलेलं झाड मी नेमकं उलट्या जमिनीत आणून बसवलं.

फेरस सल्फेट आणलं, अर्धा किलो ६० रुपये. एका लिटर पाण्यात पाच ग्रॅम आणि अर्ध्या लिंबाचा रस असं फवारलं. चूक ही झाली की फवारणी सकाळी अकराला, उन्हात केली. दुसऱ्या दिवशी पानांवर तपकिरी डाग. पुढची फवारणी संध्याकाळी सहानंतर केली, तेव्हा डाग आले नाहीत.

१७ सप्टेंबर २०२३

फवारलेली पानं हिरवी झाली, पण त्यानंतर फुटलेली पुन्हा पिवळी. फवारणीचं लोह त्या पानापुरतंच राहतं, पुढच्या पानात जात नाही. दर दहा दिवसांनी फवारणं मला जमणारं नाही.

फुलं मात्र आली. मोजली: २१ झाडांची मिळून ३८. आईने त्यातली अकरा देवाला ठेवली आणि बाकीची वाटीत पाण्यावर सोडली. वळेसराला पुरणार नव्हती, ती तसं बोलली नाही.

८ नोव्हेंबर २०२३

सप्टेंबरपासून फुलून गेलेले तुरे मी झाडावरच ठेवले होते. बी धरायचं होतं, म्हणजे पुढच्या वर्षी रोपं विकत घ्यायला नकोत. आज एकेक तुरा उकलून पाहिला. आत काहीच नाही, वाळलेले रिकामे खवले.

कारण आधी वाचायला हवं होतं. दिल्ली अबोली त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे तर तीन संच असतात. बिनबियांच्या कलिंगडाचं असतं तसंच. फूल मोठं येतं, बी धरत नाही. ही जात छाटकलमानेच वाढवायची असते. बियांची वाट बघत मी जुने तुरे ठेवले, त्यामुळे नवे तुरे कमी आले. तुरा संपत आला की खाली पानाच्या बेचक्यातून खुडायचा, म्हणजे खालून दोन नवे फुटतात. दोन महिने मी झाडाला उलटंच वागवलं.

मावशीला फोन केला. तिच्या परड्यात साधी, बी धरणारी अबोली आहे. वाळलेले तुरे कागदात गुंडाळून पाठवते म्हणाली.

१९ नोव्हेंबर २०२३

मावशीचं पार्सल आलं. तुऱ्यात लांबट तपकिरी बोंडं, प्रत्येकात चार बिया. बोंडं नखाने उकलत बसले, वीस मिनिटांत जेमतेम दहा झाली आणि तीन बिया चिरडल्या. आईने परात मागवली, तळाला थोडं पाणी घातलं, तुरे त्यात सोडले आणि वर ओला पंचा ताणून धरला. मिनिटभरात बोंडं तडतड फुटायला लागली आणि बिया पंच्याला आपटून खाली पडल्या. अबोलीचं बोंड पाणी लागलं की तडकतं. कोकणात पहिल्या पावसात बिया लांब उडतात आणि तिथेच रुजतात, म्हणून ती पायरीच्या फटीत सापडते.

एकूण १८० बिया निघाल्या. पंच्यावर सावलीत दोन दिवस वाळवल्या. शंभर पेरणार, ऐंशी कागदी पाकिटात ठेवणार. पाकीट डब्यात, डबा कोरड्या कपाटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

२५ डिसेंबर २०२३

शंभरातल्या सहाच उगवल्या. दोष बियांचा नाही, वेळेचा. पहाटे ओट्यावरचा थर्मामीटर अकरा-बारा दाखवतो आहे आणि अबोलीच्या बीला रुजायला वीस-पंचवीसची ऊब लागते. बी हातात आलं म्हणून लगेच पेरलं. सहापैकी चार रोपं पुढे मातीलगत कुजून आडवी झाली.

१४ जानेवारी २०२४

वाफ्यात १७ झाडं उरली. वाढ थांबली आहे, पानांच्या कडा तांबूस झाल्या आहेत. थंडी ओसरली की सुधारतील असं धरून चालले आहे. दुपारी पानं मलूल होतात, संध्याकाळी पुन्हा ताठ. पाणी कमी पडत असेल म्हणून दिवसाआडचं पाणी रोज केलं.

(२५ फेब्रुवारीला जोडलेली ओळ: माती ओली असताना दुपारी झाड मलूल होत असेल तर पाणी वाढवू नका, झाड उपटून बघा. या नोंदवहीतली सगळ्यात महाग चूक वरच्या परिच्छेदात आहे.)

२५ फेब्रुवारी २०२४

थंडी गेली, झाडं सुधारली नाहीत. आणखी दोन मलूल झाली ती परत उठलीच नाहीत. त्यातलं एक आज खुरप्याने भोवतालच्या मातीसकट उचललं आणि बादलीतल्या पाण्यात हलकेच धुतलं. झटकून उपटलं की बारीक मुळं मातीतच राहतात आणि दिसायचं ते दिसत नाही.

मुळांवर गाठीच गाठी. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही एकमेकींना चिकटून आल्याच्या बोटासारख्या फुगलेल्या. पांढरी नवी मुळं जवळपास नाहीत.

सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे कृमी मुळात शिरतात आणि तिथे गाठ होते. मुळाला पाणी आणि अन्न वर पोचवता येत नाही. गाठींच्या जखमांतून मग मर रोगाची बुरशी आत जाते. टोमॅटो, वांगी आणि भेंडी ही तिन्ही पिकं सूत्रकृमींना आवडणारी, आणि अबोलीही तशीच. चार वर्षं मी वाफ्यात त्यांची पैदास केली आणि मग त्यावर अबोली लावली.

ओळखायची खूण: भुईमूग, मूग यांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि बोटाने चोळल्या की सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटत नाही. आणि गाठ नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. अबोलीला लागणारी सूत्रकृमीची दुसरी एक जात गाठी करत नाही, मुळं नुसती तपकिरी-काळी पडून सडतात.

उरलेली सगळी झाडं उचलून एकेक धुतली. चार सोडून सगळ्यांना गाठी. आई खुर्ची घेऊन जवळ बसली होती. मी रडले हे लिहून ठेवते, कारण त्या दिवशी हे काम सोडून द्यायचं ठरवलं होतं. आई एवढंच म्हणाली की मी तुला पायांचंच सांगत होते. ती पाण्याबद्दल बोलत होती हे खरं, पण मी आठ महिने पानं फवारली, पानांवरून निदान केलं आणि मुळं एकदाही पाहिली नाहीत, हेही खरं.

या फेरीचा खर्च २,०४० रुपये. वळेसर एकही नाही.

३ मार्च २०२४

सूत्रकृमी मुळात असतो, फांदीत नाही. त्यामुळे शेंड्याची कलमं घेता येतील. मर रोग मात्र खोडातून चढतो, म्हणून उपटलेल्यांपैकी पाच धडधाकट झाडांच्या फांद्या आडव्या कापून पाहिल्या. आतला भाग स्वच्छ पांढरट-हिरवा असेल तीच फांदी घेतली. तपकिरी रेघ दिसली ती टाकली. मुळं आणि बाकीचे अवशेष जाळले. खताच्या खड्ड्यात ते अजिबात टाकू नयेत.

३० कलमं: चार इंच लांब, ना कोवळी ना जून, वर दोनच पानं, तुरा खुडलेला. टोक रूटिंग पावडरमध्ये बुडवून कोकोपीट आणि धुतलेली वाळू निम्मी-निम्मी भरलेल्या पिशव्यांत लावली. वर पारदर्शक डबे उपडे घातले, जागा सावलीची.

१७ मार्च २०२४

मावशीच्या उरलेल्या ८० बिया पेरल्या. मातीचा एक कणही बागेतला नाही. सगळं कोकोपीट आणि गांडूळखत. बियांवर पाव इंचाचाच थर.

३१ मार्च ते ७ एप्रिल २०२४

२६ दिवसांत ३० पैकी १९ कलमांना मुळं आली. बिया १८व्या दिवशी उगवायला लागल्या.

मातीतले सूत्रकृमी मरावेत म्हणून वाफा उन्हाने तापवायचा ठरवला. पहिल्यांदा काळा प्लॅस्टिकचा कागद आणून अंथरला, ४२० रुपये. आठवड्याने लक्षात आलं की काळा कागद स्वतः तापतो, माती तेवढी तापत नाही. ऊन आत शिरायला पारदर्शकच कागद हवा. तो २५ मायक्रॉनचा आणला, ३८० रुपये. आधी वाफ्यातली ढेकळं फोडून माती सपाट केली, भरपूर पाणी दिलं, मग कागद मातीला चिकटेल असा ताणला आणि चारही कडा चरात पुरल्या. ओली माती कोरडीपेक्षा खोलवर तापते.

१९ मे २०२४

सहा आठवडे पूर्ण. दुपारी तीनला चार इंचांवर थर्मामीटर खुपसून पाहिला: कागदाखाली ४८, शेजारच्या उघड्या मातीत ३९. दोनदा मांजराच्या पंजाने कागद फाटला, चिकटपट्टी लावली. भोक राहिलं की तिथून वाफ निघून जाते.

याने सूत्रकृमी संपले असं मी मानत नाही. वरच्या सहा-आठ इंचांतले बहुतेक मेले असतील, खाली आहेतच. रोपांना पहिलं वर्ष निवांत मिळावं एवढीच अपेक्षा आहे.

२६ मे २०२४

वाफा उचलला. जुन्या विटा होत्याच, त्यांचं नऊ इंच उंच कुंपण केलं. आत नवं मिश्रण: लाल माती वीस घनफूट, जाड वाळू दहा, शेणखत-गांडूळखत दहा.

लाल माती घेताना लिंबू खिशात ठेवलं होतं. पहिल्या ठिकाणची माती दिसायला लालभडक होती, पण लिंबाने फसफसली. दुसऱ्या ठिकाणची गप्प राहिली, ती घेतली. रंगावर जाऊ नये.

निंबोळी पेंड एक किलो वाफ्यात कालवली. पेंड मुरायला लागवडीआधी तीन आठवडे तरी हवेत, नाहीतर कोवळी मुळं पोळतात. शेणखताची एक गोणी बाजूला काढून त्यात ट्रायकोडर्मा आणि पॅसिलोमायसिस मिसळलं. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी बुरशी आहे, पॅसिलोमायसिस ही सूत्रकृमींची अंडी खाणारी. त्यावर ओलं पोतं टाकून ढीग सावलीत ठेवला. लागवडीच्या वेळी प्रत्येक खड्ड्यात दोन ओंजळी घालणार. या बुरश्यांबरोबर रासायनिक बुरशीनाशक वापरलं तर त्याच मरतात.

१६ जून २०२४

लागवड: भिंतीकडच्या बाजूला १२ दिल्लीची कलमं, पुढे १२ मावशीच्या बियांची रोपं. ८० बियांतून ४१ उगवल्या होत्या, म्हणजे निवडून घेता आली. पाचव्या-सहाव्या पानावर शेंडा खुडला, फांद्या फुटाव्यात म्हणून.

पागोळीच्या पाण्यासाठी दोनशे लिटरचं पिंप ठेवलं. पाऊस आहे तोवर बोअरचं पाणी अबोलीला नाही.

४ ऑगस्ट २०२४

जुलैत मुसळधार पाऊस झाला. वाफ्यात पाणी दहा मिनिटंही थांबलं नाही. तरी दोन रोपं मातीलगत काळी पडून गेली. मी उसाच्या पाचटाचं आच्छादन थेट खोडाला भिडवलं होतं, तिथे ओल धरली. सगळ्यांचं पाचट चार बोटं मागे सरकवलं. राखीव पिशव्यांतली दोन रोपं त्या जागी लावली.

गेलेल्यांपैकी एकाचं मूळ धुऊन पाहिलं. पांढरं, बिनगाठीचं.

नवी पानं थोडी फिकट वाटली म्हणून लोह दिलं, या वेळी मुळाशी. बाटलीवर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह घेतलं, १०० ग्रॅमला १९० रुपये. दुकानदार ‘ईडीटीए’ देत होता, तो स्वस्त आहे, पण चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात तो फार टिकत नाही. दोन ग्रॅम एका बादलीत, प्रत्येक झाडाला एक तांब्या. पाणी गडद लाल होतं, फरशीवर सांडू देऊ नका.

१५ सप्टेंबर २०२४

आजची फुलं १६२.

दिल्लीचं फूल मोठं आणि रंगाने भडक केशरी. मावशीकडच्या अबोलीचं फूल लहान आणि फिकं, केशरीत थोडी गुलाबी झाक. साडीच्या दुकानात ‘अबोली रंग’ म्हणून दाखवतात तो हा. आईने बोट मावशीच्या अबोलीवर ठेवलं.

तोडणी उजाडताच. फुलं पहाटे उमललेली असतात. तुरा डाव्या हाताने धरायचा आणि फूल पाकळ्यांना न दाबता नळीपाशी धरून वर ओढायचं. नळी लांब आणि अखंड यायला हवी, कारण धागा तिच्यावरच बसतो. तुरा खालून वर फुलत जातो, रोज नवी फुलं नसतात, म्हणून एक दिवसाआड तोडणी बरी. अबोलीला वास नाही, पण तोडलेलं फूल दोन दिवस टवटवीत राहतं. मोगऱ्याचं तसं नाही.

शेजारच्या परसातून केळीचं सोपट आणलं, आईने त्याचे धागे काढून पाण्यात भिजवले. एका वेळी चार फुलं, दोन इकडे तोंड केलेली, दोन तिकडे, वर धाग्याचा एक वेढा. तिची बोटं आता थरथरतात, वेढा सैल पडतो. म्हणून ती फुलं जुळवून देत गेली आणि वेढे मी घातले. वीतभर वळेसराला १४८ फुलं लागली. पाऊण तास. तिने तो अंबाड्यात माळला आणि दुपारी झोपतानासुद्धा काढला नाही.

१० नोव्हेंबर २०२४

मावशीच्या झाडांवर बोंडं धरली. सगळे तुरे बियांसाठी ठेवले तर फुलं कमी येतात, म्हणून दोनच झाडं बियांना राखली, बाकी दहांचे तुरे खुडते. बोंडं तपकिरी झाली की पहाटेच्या दवानेही तडकतात, तेव्हा तुऱ्याला कागदी पिशवी बांधावी. माझ्या तीन तुऱ्यांच्या बिया अशाच उडून गेल्या. वाफ्याबाहेर त्यांची रोपं येतील तेव्हा कळेल कुठवर गेल्या ते.

पिठ्या ढेकूण दोन झाडांवर दिसला. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढला, आठवड्याने पुन्हा एकदा. गेला.

२२ डिसेंबर २०२४

थंडीसाठी हिरवी शेडनेट रात्री वाफ्यावर ओढते, सकाळी सातला काढते. ६०० रुपये. दोन दिवस काढायची राहिली तेव्हा लगेच फुलं घटली. पाणी चार दिवसांनी एकदा, तेही दुपारी. पानांच्या कडा या वर्षीही थोड्या तांबूस झाल्या, पण झाडं उभी आहेत आणि दुपारी मान टाकत नाहीत.

९ मार्च २०२५

थंडीनंतरची छाटणी केली: जमिनीपासून फूटभर ठेवून वरचं सगळं, वाळलेल्या काड्या बुडातून. कलमं घेतली २०.

मुळांची तपासणी आता दर तीन महिन्यांनी करते. पूर्ण झाड न उचलता कडेने खुरप्याने एक मूठ मुळं काढून धुवायची. चोवीसपैकी एका झाडाला, भिंतीकडच्या कोपऱ्यात, चार-पाच बारीक गाठी सापडल्या. मुळं नऊ इंचांच्या खाली जुन्या जमिनीत पोचली असणार. ते झाड फूटभर मातीसकट काढून टाकलं आणि त्या जागी झेंडू लावला. झेंडूच्या मुळांतला स्राव सूत्रकृमींना मारक असतो, पण अबोलीच्या ओळीत मधेमधे लावून फारसं साधत नाही. जागेवर तीन-चार महिने नुसता दाट झेंडू हवा. त्यासाठी पलीकडे तसाच दुसरा वाफा विटा लावून तयार करते आहे, त्यात आत्ता झेंडू आहे. पावसाळ्यात तो मातीत गाडून नवी कलमं तिकडे जातील आणि हा वाफा झेंडूकडे येईल.

दुसऱ्या फेरीचा खर्च: लाल माती टेम्पोभाड्यासह २,२००, वाळू ७००, खत ५६०, निंबोळी पेंड ७०, पॅसिलोमायसिस ३५०, ट्रायकोडर्मा १८०, रूटिंग पावडर ८०, कोकोपीट १५०, पिशव्या ६०, लोह १९०, पारदर्शक कागद ३८०, काळा कागद ४२०, शेडनेट ६००. एकूण ५,९४०. पहिल्या फेरीसह ७,९८०. यातले पहिले २,०४० आणि काळ्या कागदाचे ४२० वाचवता आले असते, आणि नऊ महिनेही.

वसाहतीतल्या तिघींनी रोपं मागितली. रोप देणार नाही, कारण माझ्या वाफ्यातली मातीची चिमूटही त्यांच्याकडे जायला नको. बी देते आहे, प्रत्येकीला पन्नास. पाकिटावर आईच्या सांगण्यावरून लिहिलं: मार्चच्या मध्यापासून पेरा, उंचावर लावा. खाली मी माझी एक ओळ घातली: त्याआधी मातीवर लिंबू पिळून बघा.